वेळापत्रक गावाकडे, बस आगाराकडे

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ कळेल. तुम्ही डिचोली तालुक्यातल्या एका पंचायतीच्या पंच सदस्य आहात. गावात संध्याकाळी सातला येणारी खासगी बस हळूहळू बंद पडली. ग्रामसभेत लोक संतापले आणि ‘गावची बसवाहतूक पंचायतीच्या ताब्यात द्यावी’ असा ठराव झाला. इंग्लंडमध्ये नगरपालिकांना बसवर हक्क मिळाल्याचं कुणीतरी सभेत सांगितलं. गोव्यात हे होईल का, आणि झालं तर गावाचं भलं होईल का, असं तुम्ही विचारता आहात.

हक्क मिळायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. पण बस मागू नका, वेळापत्रक मागा. बस चालवणं आणि बस ठरवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं पंचायतीला झेपणार नाही. दुसरं आज पंचायतीइतकं चांगलं कुणालाच करता येणार नाही, आणि नेमकं तेच तिच्याकडे नाही.

मी अठ्ठावीस वर्षं बसच्या फेऱ्या आणि ड्युट्या लावण्याचं काम केलं. सुरुवातीची नऊ वर्षं महाराष्ट्रातल्या एका महापालिकेच्या परिवहन सेवेत, पुढची सगळी गोव्यात. त्यामुळे स्थानिक संस्थेच्या हाती बस आली की काय होतं आणि ती राज्याच्या हाती राहिली की काय होतं, हे दोन्ही जवळून पाहिलं आहे.

आधी तुमच्या सातच्या बसचं बघू. डिचोलीच्या स्टँडवरून निघताना ती भरलेली असते, हे तुम्हीच लिहिलं आहे. मग बंद का पडली? कारण परतीची फेरी. गावात माणसं उतरली की गाडी रिकामी. मालक दुसऱ्या गावात राहतो, गाडी त्याच्या दारात न्यायची. म्हणजे तिकीट एका फेरीचं आणि डिझेल दोन फेऱ्यांचं. आम्ही याला रिकामे किलोमीटर म्हणतो. चालक-वाहकांची रोजंदारी दिवसाच्या गल्ल्यावर ठरत असेल तर त्यांनाही ही फेरी नकोशी होते. मग एखाद्या दिवशी ती चुकते, पुढे ‘गाडी गॅरेजला आहे’ असं ऐकू येतं, आणि एक दिवस लोक वाट बघणंच सोडून देतात. मालकाला दोष देऊन काही होणार नाही. एक-दोन गाड्यांवर घर चालवणाऱ्या माणसाने तोट्याची फेरी स्वतःच्या खिशातून का मारावी?

पण नुकसान एका फेरीवर थांबत नाही. बांबोळीच्या सरकारी इस्पितळात ओपीडीला गेलेली म्हातारी, प्रॅक्टिकल संपवून पाचला सुटणारी कॉलेजची मुलगी, कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतून घरी निघालेली बाई, या सगळ्यांना सकाळी निघतानाच परतीची खात्री हवी असते. ती गेली की घरात स्कूटर येते. स्कूटर आली की सकाळच्या बसचाही प्रवासी गेला. मग सकाळच्या फेरीचं भारमान, म्हणजे भरलेल्या जागांचं प्रमाण, घसरतं आणि तीही काढायच्या यादीत जाते. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार होती. आज राज्यात नोंदलेली वाहनं त्याहून जास्त आहेत आणि त्यांत मोठा वाटा दुचाकींचा आहे. लोकांना गाड्यांची हौस आहे म्हणून हे झालं, असं मी मानत नाही. शेवटची बस चुकेल या भीतीने ती वाहनं घेतली गेली आहेत.

आता ही फेरी हवी की नको हे आज ठरवतं कोण? खासगी बसचा परवाना वाहतूक प्राधिकरण देतं. राज्याच्या बस कदंब परिवहन महामंडळाच्या, १९८० साली सुरू झालेल्या, आणि त्यांच्या फेऱ्या आगारात ठरतात. गाव या दोन्ही ठिकाणी अर्जदार असतं. राज्यघटना काय म्हणते तेही पाहा. १९९२ च्या ७३ व्या आणि ७४ व्या दुरुस्तीने दोन अनुसूच्या आल्या. पंचायतींच्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत, त्यांत रस्ते, पूल, फेरीबोटी, जलमार्ग आणि ‘दळणवळणाची इतर साधनं’ हा एक. नगरपालिकांच्या बाराव्या अनुसूचीत १८ विषय आहेत, त्यांत रस्त्यावरचे दिवे आणि वाहनतळ यांच्या जोडीला बसथांबे आहेत. बसथांब्याची शेड नगरपालिकेची. त्या शेडसमोर बस किती वाजता थांबेल, हे मात्र कुठेच नाही. शिवाय हे विषय राज्याने सोपवले तरच स्थानिक संस्थांच्या हाती येतात.

पण सगळंच पंचायतीकडे द्या, या बाजूचाही मी नाही, आणि याचं कारण माझ्या पहिल्या नोकरीत आहे. त्या शहरात प्रत्येक नगरसेवकाला बस आपल्या वॉर्डातून जायला हवी होती. एका मार्गाला चार वर्षांत पाच वळणं पडली. जो प्रवास अर्ध्या तासाचा होता तो पन्नास मिनिटांवर गेला. प्रत्येक वळणाने दहा-वीस माणसांची सोय झाली आणि बाकी सगळ्यांची चार-चार मिनिटं गेली. शेवटी शहराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाणारी माणसं रिक्षाकडे वळली. ठराव करणाऱ्यांपैकी कुणाची नियत वाईट नव्हती. आपल्या वॉर्डापलीकडचा प्रवासी त्यांना दिसतच नव्हता, कारण त्याचं मत त्यांना मिळणार नव्हतं. गोव्यात हाच धोका वाड्यावाड्याच्या थांब्यांच्या रूपाने येईल. डिचोली ते पणजी बस प्रत्येक पंचायतीच्या मर्जीने थांबू लागली तर पणजीला नोकरीला जाणारा माणूस बसमध्ये दुसऱ्यांदा चढणार नाही.

इंग्लंडचा दाखला सभेत कुणी दिला तो चांगलाच दिला, पण तो पूर्ण सांगायला हवा. तिथे १९८५ च्या कायद्याने लंडनबाहेरच्या बस ऑक्टोबर १९८६ पासून खुल्या बाजारात सोडल्या. कंपन्यांनी हवे ते मार्ग धरले, नको ते सोडले. २०१७ च्या कायद्याने महापौर असलेल्या मोठ्या प्रदेशांना ही सूत्रं परत घेण्याचा मार्ग दिला. ग्रेटर मँचेस्टरने सप्टेंबर २०२३ मध्ये सुरुवात केली आणि जानेवारी २०२५ मध्ये सगळा प्रदेश नव्या पद्धतीत आणला. २०२५ च्या कायद्याने ही वाट इतर भागांसाठीही मोकळी केली. यातल्या दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. पहिली, बस अजून खासगी कंपन्याच चालवतात. मार्ग, वेळ आणि तिकीट प्राधिकरण ठरवतं, तिकिटाचे पैसेही तेच घेतं आणि कंपनीला बस चालवण्याचे ठरलेले पैसे देतं. दुसरी, हा हक्क एकेकट्या छोट्या नगरपालिकेने वापरला नाही. दहा नगरपालिकांनी मिळून बनलेल्या संयुक्त प्राधिकरणाने तो वापरला.

पहिली गोष्ट गोव्याला अनोळखी नाही. ‘म्हजी बस’ योजनेत खासगी मालकाची बस कदंब महामंडळाच्या व्यवस्थेखाली धावते आणि मालकाला किलोमीटरच्या दराने पैसे मिळतात. मालकाची गल्ल्याची चिंता संपते, सातची फेरी त्याला नकोशी वाटायचं कारण उरत नाही. ही योजना मला मनापासून पटते. फक्त ‘कुठली फेरी, किती वाजता’ हे ठरवणाऱ्या टेबलावर गावाची खुर्ची ठेवायला हवी.

दुसरी गोष्ट मात्र गोव्यात अवघड आहे आणि याकडे कुणी फारसं लक्ष देत नाही. लोकसंख्या वीस लाखांच्या आत असलेल्या राज्याला पंचायतींचा मधला स्तर न ठेवण्याची मुभा राज्यघटनेने दिली आहे. म्हणून आपल्याकडे खाली १९१ ग्रामपंचायती, वर दोन जिल्हा पंचायती, आणि मध्ये काहीच नाही. महाराष्ट्रातली पंचायत समिती इथे नाही. आणि बसची नैसर्गिक हद्द तर तालुकाच असते! तुमच्या गावची बस पाच पंचायतींतून जाते आणि डिचोली किंवा साखळी नगरपालिकेच्या हद्दीत पोचते. ग्रामपंचायतीला तो मार्ग मोठा पडतो. जिल्हा पंचायतीला तो इतका लहान की नकाशावर दिसत नाही. म्हणून एका मार्गावरच्या पंचायती आणि शेवटचं शहर यांची संयुक्त समिती हवी. तिने मार्ग, पहिली व शेवटची फेरी आणि थांबे ठरवावेत, रद्द फेऱ्यांचा हिशेब दर महिन्याला मागावा. भाडं, गाडीची तपासणी, चालकाचा परवाना, आंतरतालुका शटल म्हणजे मध्ये न थांबणाऱ्या थेट बस, हे सगळं राज्याकडेच राहू द्या. सहा पंचायतींतून जाणाऱ्या माणसाला सहा भाडी नकोत.

आता पैसा, कारण पैशाविना हक्क म्हणजे नुसती अर्ज करायची परवानगी. केरळच्या राज्य परिवहन महामंडळाने जुलै २०२२ मध्ये ‘ग्रामवंडी’ नावाची योजना तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या कोल्लयिल पंचायतीतून सुरू केली. गाडी, चालक-वाहक आणि देखभाल महामंडळाची, इंधनाचा खर्च स्थानिक संस्थेचा, आणि मार्ग व वेळ गावाच्या गरजेप्रमाणे. तुमच्या मार्गाला हे लावून पाहू. गाव ते डिचोली तुम्ही २२ किलोमीटर सांगितलं, म्हणजे जाऊन-येऊन ४४, आणि दिवसाला दोन खेपा धरल्या तर ८८ किलोमीटर. डिझेलची बस घाटचढाच्या रस्त्यावर लिटरला साडेचार किलोमीटर जाते असं धरा. रोज वीस लिटरच्या आसपास डिझेल. लिटरला ९० रुपये धरले आणि महिन्याचे २६ दिवस, तर साधारण ४६ ते ४७ हजार रुपये. पाच पंचायतींत वाटले तर एकीला नऊ हजारांच्या थोडं वर. हा आकडा मी मुद्दाम मांडतो आहे, कारण ‘पंचायतीला बस परवडत नाही’ असं सभेत कुणी म्हटलं तर नेमकं काय परवडत नाही ते विचारता येईल. गाडी परवडत नाही. फेरी कदाचित परवडेल.

तरीही एक अन्याय इथे दडलेला आहे. कळंगुट-कांदोळीसारख्या किनारी पंचायतींना व्यापार परवान्यांतून आणि बांधकामांतून पैसा मिळतो. सांग्यातल्या नेत्रावळीला किंवा सत्तरीतल्या सुर्ल्यासारख्या गावाला तो कुठून मिळणार? आणि बसची खरी निकड तिथेच आहे. जी पंचायत पैसे देईल तिलाच बस, असा नियम झाला तर डोंगरातली गावं आजच्यापेक्षा मागे जातील. म्हणून राज्याने आधी प्रत्येक वस्तीच्या गावाला सकाळची एक आणि संध्याकाळची एक फेरी स्वतःच्या खर्चाने बांधून द्यावी. त्यावरच्या फेऱ्यांसाठी पंचायतींनी पैसे घालावेत. यात मी तडजोड करायला तयार नाही.

हक्क दिला आणि पैसा अपुरा ठेवला तर भुर्दंड कामगारांवर पडतो, हेही लक्षात ठेवा. गोव्यात याचं उदाहरण बालरथ आहे. शाळेला बस सरकार देतं, वर्षाचं अनुदान सरकार देतं, चालक आणि मदतनीस शाळा नेमते. बस शाळेच्या वेळेप्रमाणे धावते, मुलाच्या दारापर्यंत जाते, आणि स्थानिक निर्णयाचा हा फायदा पालकांना रोज दिसतो. पण त्याच बालरथवरच्या चालकांना आपल्या पगारासाठी पुन्हा पुन्हा आंदोलन करावं लागलं. पंचायतींच्या हाती बसचा निर्णय येईल तेव्हा चालक-वाहकांचा पगार पंचायतीच्या तिजोरीवर टांगलेला असू नये. तो आगारातूनच निघावा.

आता तुमच्या गावच्या सातच्या बसकडे परत येतो, कारण तिला कायद्याची वाट बघायची गरज नाही. शेवटची बस आणि सकाळची पहिली बस ही एकच बस असते. संध्याकाळी सातला आलेली गाडी रात्री गावातच राहिली आणि पहाटे सहाला भरून निघाली, तर रिकामे किलोमीटर शून्य. महाराष्ट्रात एसटीची मुक्कामी गाडी पिढ्यान्‌पिढ्या अशीच चालली. गोव्यातही वस्तीची गाडी नवी नाही. पण इथे अंतरं कमी, आगार जवळ, म्हणून गाडी रात्री आगारात ओढून नेणं सोपं वाटतं आणि त्या सोयीपायी गावाची फेरी जाते.

मुक्कामी गाडी टिकते ती चालक-वाहकांच्या झोपेवर. याबाबत माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. एका डोंगराळ गावात मी मुक्कामी फेरी लावली होती. सहा-सात महिन्यांत उत्पन्नाचा तक्ता खाली गेला, म्हणून मी ‘अल्प प्रतिसाद’ असा शेरा मारून ती काढून टाकली. वर्षभराने दुसऱ्याच कामासाठी त्या गावी गेलो तेव्हा कळलं की, चालक-वाहकांना दिलेल्या खोलीत पाणी नव्हतं आणि शाळेच्या शौचालयाला रात्री कुलूप असायचं. वैतागून ते अनेकदा गाडी रात्रीच परत नेत होते, कागदावर मात्र मुक्काम लागत होता. पहाटे लोक येत, गाडी नसे, आणि चार दिवसांनी लोक येणं थांबलं. त्या तक्त्यावर विश्वास ठेवण्यापूर्वी मी एक रात्र तिथे जाऊन राहायला हवं होतं. त्या गावाची बस माझ्या सहीने गेली, हे मला अजून बोचतं.

म्हणून तुमच्या पंचायतीने दिवा, पंखा, पाणी आणि कुलूप नसलेलं शौचालय असलेली एक खोली द्यावी. वाहक बाई असू शकते, त्यामुळे आतून कडी लागणारी वेगळी खोली हवी. गाडी वळवायला जागा हवी. बारा मीटरची बस वळायला किती जागा लागते ते आगारातल्या चालकालाच बोलावून दाखवून घ्या, आणि ती जागा दुचाक्यांनी अडणार नाही अशी राखा. हे सगळं पंचायतीच्या आजच्या अधिकारात आणि आजच्या खर्चात बसतं. एक इशारा मात्र देतो. पणजीत २०२४ पासून स्मार्ट सिटीच्या इलेक्ट्रिक बस धावू लागल्या आहेत आणि पुढे गावांकडेही त्या येतील. विजेची बस चार्जिंगसाठी रात्री आगाराकडे ओढली जाते. गावात चार्जिंगची सोय नसेल तर मुक्कामी गाडीची कल्पना मागे पडेल. म्हणून पंचायतीची नवी इमारत किंवा बाजारशेड बांधताना विजेची मोठी जोडणी आत्ताच मागून ठेवा.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ७२ नुसार टप्पा वाहतुकीच्या, म्हणजे ठिकठिकाणी थांबून प्रवासी घेणाऱ्या बसच्या, परवान्यात रोजच्या कमीत कमी फेऱ्यांची अट घालता येते, आणि वेळापत्रक गाडीत व थांब्यावर लावायला सांगता येतं. अट मोडली तर कलम ८६ खाली परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो. तुमच्या सातच्या बसच्या परवान्यात कोणत्या अटी आहेत, ते माहिती अधिकारात मागवा. कलम ११७ सांगतं की, गाड्या उभ्या करण्याच्या आणि थांबण्याच्या जागा स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून ठरवाव्यात. हा हक्क आज तुमच्याकडे आहे, तो वापरा. कलम ६८ प्रमाणे प्रादेशिक वाहतूक प्राधिकरणावर अध्यक्षाशिवाय दोनपर्यंत सदस्य नेमता येतात आणि ते बिनसरकारीही असू शकतात. त्यांपैकी एक जागा पंचायतींना द्यावी ही मागणी कायद्यात बसते. त्या सदस्याचा कुठल्याही बसधंद्यात आर्थिक हितसंबंध नसावा, हेही त्याच कलमात आहे, तेव्हा नाव सुचवताना स्वतःची बस असलेल्या पंचाचं सुचवू नका. आणि २०१९ च्या दुरुस्तीने कलम ६७ मध्ये राज्याला ग्रामीण वाहतुकीसाठी व शेवटच्या टप्प्याच्या जोडणीसाठी वेगळी योजना अधिसूचित करण्याचा अधिकार दिला. मी वर सांगितलेली संयुक्त समिती याच योजनेत बसवता येईल, विधानसभेत नवा कायदा आणायची गरज नाही.

चोडण आणि दिवाडी या नदीतल्या बेटांवरच्या लोकांसाठी एक ओळ: तिथे फेरीबोट नदी परिवहन खात्याची, बस दुसऱ्याची आणि धक्क्यावरची शेड तिसऱ्याची. बोट लागायच्या आधी बस निघून गेली तर कुणाचीच चूक नसते. तिथल्या पंचायतींनी दोन्ही खात्यांना एका टेबलावर बसवून फक्त वेळा जुळवून घेतल्या तरी फरक दिसेल.

तुमच्या ठरावाचा मजकूर बदला. ‘बसवाहतूक पंचायतीच्या ताब्यात द्यावी’ या वाक्यावर कुठलाच अधिकारी काही करू शकत नाही. असं लिहा: ‘डिचोलीहून येऊन सायंकाळी ७ ला गावात पोचणारी गाडी गावात मुक्कामी ठेवावी व सकाळी ६.१० ला गावातून सोडावी; खोली, पाणी, शौचालय, दिवा व गाडी वळवण्याची जागा पंचायत देईल; रद्द झालेल्या फेऱ्यांची यादी दर महिन्याला पंचायतीला मिळावी.’ शेजारच्या चार पंचायतींकडून हाच ठराव, याच वेळांसह, करून घ्या. ठराव घेऊन जाण्याआधी थांब्याजवळच्या दुकानात एक वही ठेवा आणि महिनाभर रोज सकाळी पावणेसहा ते साडेसात किती माणसं उभी राहिली, कुठे जाणार होती, कुठली फेरी आली नाही, हे लिहून घ्या. दुकानदाराला विचारून त्याच्या हातूनच लिहून घेतलं तर नोंदी खऱ्या राहतात. चतुर्थीचा आठवडा आणि शाळेची सुट्टी वेगळ्या पानावर ठेवा, नाहीतर सरासरी चुकते आणि आगारातला माणूस पहिला प्रश्न तोच विचारतो.